पिंपातली पत्रं : मेरी स्टुअर्टचा घात कोडने केला की टपालाने?

तळटीप

मागे एका धाग्यावर कुणीतरी म्हणालं होतं की राजघराण्यांच्या भांडणात हेरांचं काम म्हणजे विष घालणं आणि रात्री तटावरून उड्या मारणं. तेव्हाच ठरवलं होतं की बॅबिंग्टन कटावर, म्हणजे १५८६ च्या एलिझाबेथ राणीला मारायच्या कटावर, एकदा निवांत लिहायचं. यात उड्या नाहीत, विषही नाही. एक बियरवाला आहे, एक अधू डोळ्यांचा बारकासा कारकून आहे आणि दोन राण्या आहेत, इंग्लंडची एलिझाबेथ आणि स्कॉटलंडची मेरी स्टुअर्ट, ज्या आयुष्यात एकमेकींना एकदाही भेटल्या नाहीत.

आधी नातं सांगतो, ते कळलं नाही तर भांडण कळत नाही. इंग्लंडचा हेन्री सातवा हा एलिझाबेथचा आजोबा. त्याची मुलगी मार्गारेट, म्हणजे एलिझाबेथची आत्या, स्कॉटलंडच्या राजाला दिली. तिचा मुलगा जेम्स पाचवा, आणि त्याची मुलगी मेरी स्टुअर्ट. म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने मेरी ही एलिझाबेथची भाची. आता कॅथलिक लोकांच्या लेखी आठव्या हेन्रीचं, म्हणजे एलिझाबेथच्या बापाचं, अ‍ॅन बोलीनशी झालेलं लग्नच खोटं होतं, म्हणून एलिझाबेथ अनौरस, म्हणून इंग्लंडची खरी राणी ही भाची. १५७० ला पोपने प्रोटेस्टंट एलिझाबेथला धर्मबहिष्कृत करून तिच्या प्रजेला निष्ठेच्या शपथेतूनच मोकळं केलं, झालं, आगीत तेल.

मेरीचं नशीब सुरुवातीपासून विचित्र. डिसेंबर १५४२ चा जन्म, बाप गेला तेव्हा ती सहा दिवसांची, तेव्हापासून राणी. लहानपण फ्रान्समध्ये, तिथल्या युवराजाशी लग्न, तो राजा होऊन दीड वर्षात गेला. अठराव्या वर्षी विधवा होऊन स्कॉटलंडला परत, दुसरा नवरा डार्नली १५६७ ला मारला गेला, त्या खुनाचा संशय ज्याच्यावर त्या बॉथवेलशीच तीन महिन्यांत तिसरं लग्न, मग बंड, सक्तीने गादी सोडायला लावली, तान्ह्या मुलाला राजा केलं. मे १५६८ मध्ये लढाई हरून ती पळाली ती थेट इंग्लंडमध्ये, आत्या मदत करेल या भरवशावर. आत्याने नजरकैदेत ठेवलं. पुढची जवळपास एकोणीस वर्षं.

या एकोणीस वर्षांत तिच्या नावाने एकामागून एक कट झाले. १५७१ चा रिडॉल्फी कट, त्यात नॉरफोकच्या ड्यूकचं डोकं गेलं. १५८३ चा थ्रॉकमॉर्टन कट, त्यानंतर स्पेनच्या वकिलाला, म्हणजे राजदूताला, मेंडोझाला, देशाबाहेर हाकललं. पण मेरी सुटली, कारण तिच्याविरुद्ध हातात धरता येईल असा कागद नव्हता आणि एलिझाबेथ अभिषिक्त राणीला हात लावायला तयार नव्हती. आज मेरीला मारलं तर उद्या माझ्याबाबतीतही हाच पायंडा पडेल, ही भीती तिला होती आणि ती रास्तच होती.

इथे येतो फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम. १५७३ पासून राणीचा मुख्य सचिव. त्याच्या आदल्या वर्षी सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीच्या वेळी हा पॅरिसमध्ये वकील होता, प्रोटेस्टंटांचं काय केलं ते डोळ्यांनी बघितलेला माणूस. त्याचं मत पक्कं होतं की मेरी जिवंत आहे तोवर एलिझाबेथ सुरक्षित नाही. १५८४ मध्ये डेल्फ्टला डच प्रोटेस्टंटांचा पुढारी ऑरेंजचा विल्यम याचा त्याच्याच घरात पिस्तुलाने खून झाला, इंग्लंडमध्ये घबराट पसरली, आणि १५८५ मध्ये पार्लमेंटने कायदा केला : गादीवर हक्क सांगणाऱ्या कुणाच्या संमतीने राणीला मारायचा कट झाला तर त्या व्यक्तीवर खास आयोगापुढे खटला चालवायचा. नाव घातलं नाही, पण कुणासाठी हे शेंबडं पोरही सांगेल. आता वॉल्सिंगहॅमला फक्त एकच गोष्ट हवी होती. मेरीचा लेखी होकार.

आणि माझ्या मते खरी कमाल इथून पुढे आहे. १५८५ मध्ये मेरीवर नवा पहारेकरी आला, एमियस पॉलेट, कडक प्युरिटन म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट, त्याने तिचा बाहेरचा सगळा पत्रव्यवहार तोडला. वॉल्सिंगहॅमला हे परवडणारं नव्हतं, पत्रच नाही तर पुरावा कुठला? मग त्याने स्वतःच तिच्यासाठी चोरटं टपाल उघडून दिलं! डिसेंबर १५८५ मध्ये राय बंदरावर गिल्बर्ट गिफर्ड नावाचा तरुण पकडला गेला, कॅथलिक घरातला, फ्रान्सहून मेरीच्या माणसांची शिफारस घेऊन आलेला. तो फिरला की फिरवला गेला देव जाणे, पण वॉल्सिंगहॅमचा माणूस झाला. मेरीला चार्टलीच्या वाड्यात हलवलं होतं, तिथे बर्टनहून बियरची पिंपं यायची. पिंपाच्या बुचात बसेल अशी पाणी न शिरणारी छोटी थैली, तीत पत्रं. भरलेल्या पिंपातून आत, रिकाम्या पिंपातून बाहेर. लंडनमधल्या फ्रेंच वकिलातीत मेरीच्या नावाची कितीतरी महिन्यांची पत्रं तुंबून पडली होती, ती पण वकिलाने विश्वासाने गिफर्डच्या हवाली केली.

बियरवाल्याचं नाव कागदपत्रांत नाही, पॉलेट त्याला पत्रांत 'प्रामाणिक माणूस' म्हणतो. हा प्रामाणिक माणूस मेरीकडून पैसे घ्यायचा, पॉलेटकडून घ्यायचा आणि वर बियरचा भावही वाढवून मागितला. मला या अख्ख्या प्रकरणात हाच सगळ्यात आवडतो.

पत्र आलं की ते थॉमस फेलिप्सकडे. बारीक चण, पिवळट केस, चेहऱ्यावर देवीचे व्रण, अधू दृष्टी, हे वर्णन खुद्द मेरीने लिहून ठेवलंय. लॅटिन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश येणारा. कोड फोडून नक्कल करायचा, मग आर्थर ग्रेगरी नावाचा दुसरा कारागीर मोहोर अशी परत बसवायचा की उघडल्याचं कळूच नये, आणि पत्र पुढे रवाना.

६ जुलै १५८६ ला अँथनी बॅबिंग्टनने मेरीला पत्र लिहिलं. वय चोवीस, डर्बीशायरचा श्रीमंत पोरगा, लहानपणी मेरीच्या आधीच्या पहारेकऱ्याच्या घरी हुजऱ्या म्हणून राहिलेला. त्याने सगळंच लिहिलं : परकी फौज उतरेल, तुम्हाला सोडवू, आणि माझे सहा उमदे मित्र त्या 'बळकावणारीचा' निकाल लावतील. १७ जुलैला मेरीचं उत्तर गेलं. सहा जणांनी काम कधी सुरू करायचं, आधी बाहेरच्या मदतीची खात्री कशी करायची, आपल्याला कसं सोडवायचं, सगळं तपशीलवार. फिरायला नेतात तेव्हा माळावर गाठा, नाहीतर मध्यरात्री कोठारांना आग लावा, नाहीतर सकाळी सामानाच्या गाड्या येतात त्या दारातच आडव्या पाडा. फेलिप्सने नक्कल वॉल्सिंगहॅमला पाठवताना वर चक्क फाशीच्या खांबाचं चित्र काढलं.

आणि मग त्याने मूळ पत्राला त्याच कोडमध्ये एक बनावट ताजा कलम जोडला. त्या सहा जणांची नावं कळवा म्हणून.

पुढचं पटकन सांगतो. ऑगस्टमध्ये धरपकड झाली, मेरीला शिकारीच्या निमित्ताने बाहेर काढून अटक केली आणि मागे तिचे कागद जप्त केले. सप्टेंबरमध्ये बॅबिंग्टन धरून चौदा जणांना दोन दिवसांत मारलं, पहिल्या दिवशीच्या सात जणांना तर हालहाल करून. ऑक्टोबरमध्ये फॉदरिंगे किल्ल्यात खटला, ८ फेब्रुवारी १५८७ ला तिथेच मेरीचा शिरच्छेद.

सगळीकडे ही गोष्ट 'कमकुवत कोडने राणीचा जीव घेतला' अशी सांगतात. मला ते अर्धंच पटतं. कोड फुटला नसता तरी वॉल्सिंगहॅमच्या हातात पिंप होतंच. बोला मंडळी.

खारेदाणे

एका दमात वाचून काढलं. बियरवाल्याला साष्टांग __/\__ तिन्हीकडून पैसे!

पण एक शंका, कोड इतका सोपा होता का की एक कारकून बसल्या बसल्या फोडतो? राणीच्या दरबारात कुणी हुशार माणूस नव्हता?

कोडवाला

खारेदाणे, हे माझ्या आवडीचं म्हणून मी घुसतो. मेरी-बॅबिंग्टन कोडमध्ये अक्षरांसाठी २३ चिन्हं होती (जे, व्ही, डब्ल्यू वगळून), ३६ चिन्हं अख्ख्या शब्दांसाठी नाहीतर शब्दसमूहांसाठी, चार चिन्हं निव्वळ भरताड म्हणजे अर्थ काहीच नाही फक्त वाचणाऱ्याला चकवायला, आणि एक चिन्ह पुढचं अक्षर दोनदा धरा हे सांगायला. दिसायला भयंकर दिसतं, पण गोम अशी की एका अक्षराला एकच चिन्ह. आणि प्रत्येक भाषेत काही अक्षरं सारखी येतात, काही क्वचित येतात. इंग्रजीत ई सगळ्यात जास्त. लांबलचक पत्र मिळालं की चिन्हं मोजायची, जे सगळ्यात जास्त येतंय ते ई धरायचं, मग टी, ए वगैरे, थोडं जुळलं की बाकीचं आपसूक उलगडतं. भरताड चिन्हं पण मोजणीत उघडी पडतात, कारण ती काढून टाकली की शब्द नीट लागतात.

ही युक्ती काही फेलिप्सने काढली नाही बरं का. बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवली होती. व्हेनिसमध्ये तर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जिओव्हानी सोरो हा पगारी कोडफोड्या होता. म्हणजे १५८६ मध्ये अशा कोडवर विसंबणं हे तेव्हाच्या मानानेही जुनाट होतं.

आणि तळटीपकाकांचा मुद्दा मला पटतो पण त्यात थोडी भर घालतो. कोड नसता तर मेरीने ते पत्र लिहिलंच नसतं! दाराला कुलूप लावलंय म्हणून सोनं उंबऱ्यावर ठेवून गावाला जाण्यातला प्रकार. बॅबिंग्टनने उघड्या भाषेत 'राणीला मारतो' असं लिहिलं असतं का? कोड आहे या भरवशावर दोघं इतकं मोकळं लिहीत गेले. म्हणून कमकुवत कोड हा कोड नसण्यापेक्षा वाईट.

पाटीलबाबा

+१ कोडवाला. आमच्याकडे सिक्युरिटीच्या ट्रेनिंगमध्ये हेच उदाहरण देतात, तपशील मात्र आज कळले.

निशिगंधा

छान लिहिलंय तळटीप, पण तुमचा वॉल्सिंगहॅमवरचा लोभ लपत नाहीये हो :)

मला हा सरळसरळ सापळा वाटतो. विचार करा, बाई अठरा वर्षं कोंडलेली, बाहेरचं वारं नाही. मुलगा लहानपणीच ताटातूट झालेला, आणि तोही आता एलिझाबेथशी तह करून मोकळा झालेला, आईचं नावही न घेता. अशात तुम्हीच चोरवाट उघडायची, तुमचाच माणूस टपाल आणणार, कटातल्या पोरांच्या आजूबाजूलाही तुमचीच माणसं पेरलेली (रॉबर्ट पोली कसा विसरलात? बॅबिंग्टन त्याला जिवाभावाचा मित्र समजायचा), आणि मग होकार आला की म्हणायचं बघा पुरावा. त्यात ताजा कलम बनावट! जो माणूस शेवटी चार ओळी खोट्या घालतो त्याने मधल्या चार ओळी घातल्या नसतील कशावरून?

आणि खटला कसला, मेरीला वकील नाही, स्वतःचे कागद जवळ नाहीत, मूळ पत्र कोर्टात आणलंच नाही, सगळ्या नकला. ती शेवटपर्यंत म्हणत राहिली की माझ्या हातचं पत्र दाखवा. नव्हतंच दाखवायला.

तळटीप

निशिगंधाताई, लोभ आहे हे कबूल, इतका शिस्तीत काम करणारा सरकारी माणूस बघितला की हेवा वाटतो.

पोलीबद्दल बरोबर, तो एक वेगळा धागा होईल. हाच पोली १५९३ मध्ये डेटफर्डला ख्रिस्तोफर मार्लो या नाटककाराला भोसकलं त्या खोलीत हजर होता!

मूळ पत्र नव्हतं कारण बॅबिंग्टनने वाचून नष्ट केलं होतं, तसं ठरलंच होतं. शिवाय मेरी स्वतः कोडमध्ये लिहीतच नसे. ती सांगायची, क्लॉड नाउ हा सचिव फ्रेंचमध्ये मसुदा करायचा, गिल्बर्ट कर्ल त्याचं इंग्रजी करून कोडमध्ये उतरवायचा. त्यामुळे 'माझ्या हातचं' पत्र असणार तरी कुठून, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही सचिवांनी अटकेनंतर पत्र खरं असल्याचं लिहून दिलं, बॅबिंग्टननेही कोडची किल्ली ओळखून तिच्यावर सही केली. ती किल्ली आणि तो बनावट ताजा कलम दोन्ही आज लंडनमध्ये क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गंमत बघा, वॉल्सिंगहॅमच्या खात्याने स्वतःच्या बनवाबनवीचा कागद पण फाईल करून ठेवलाय.

मधल्या ओळी घातल्या असतील का? मला नाही वाटत. होकार आधीच मिळालेला असताना होकार बनवायचं कारण काय. ताजा कलमाचा हेतू वेगळा होता, त्याला नावं हवी होती. आणि ती मिळालीच नाहीत, बॅबिंग्टनने उत्तरात नावं कळवायच्या आतच धावपळ सुरू झाली. म्हणजे ज्या एका ठिकाणी त्यांनी अतिशहाणपणा केला ते वाया गेलं आणि नंतर चारशे वर्षं लोकांना संशय घ्यायला जागा झाली.

पाटीलबाबा

मी वकिलीच्या अंगाने बघतो (व्यवसाय तो नाही, हौस). निशिगंधाताई म्हणतात तो सापळा आहेच, पण सापळ्यात उंदराला चीज खायला कुणी सांगितलं? बॅबिंग्टनचं पत्र वाचून मेरी गप्प बसू शकत होती. नाउने म्हणे तिला उत्तर देऊ नका असंच सुचवलं होतं. तिने दिलं.

तिची मजबुरी मला कळते, पण एलिझाबेथचं पण बघा ना. विल्यमचा खून दोन वर्षांपूर्वीचा. समोर स्पेनचा फिलिप आरमार बांधतोय. वारस नाही. उद्या ती मेली असती तर दुसऱ्या दिवशी मेरी राणी आणि वॉल्सिंगहॅमपासून सगळ्यांची मुंडकी लंडनच्या पुलावर. कॉन्सिलातल्या, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळातल्या लोकांसाठी हे राज्यकारभारापेक्षा स्वतःच्या जिवाचं काम होतं. त्यामुळे त्यांनी किती घाई केली असेल याची कल्पना करा.

उगाचच

वा वा. पण परदेशी हेरांचं एवढं कौतुक करताना आपले बहिर्जी नाईक कसे आठवले नाहीत कुणाला? त्यांच्यापुढे हा वॉल्सिंगहॅम काय आहे.

तळटीप

उगाचच, आठवले हो, पण मुद्दाम आणले नाहीत. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रसंगात बहिर्जी जासुदाचं नाव येतं, सुरत मारली तर अगणित द्रव्य मिळेल ही खबर तो आणतो. त्यापलीकडे वेशांतराच्या वगैरे ज्या गोष्टी आपण ऐकत मोठे झालो त्यातल्या बऱ्याचशा मागाहूनच्या. हेर खरोखर चांगला असेल तर त्याचा कागद मागे राहत नाही, आणि इथे वॉल्सिंगहॅमचं उलट आहे, त्याचा कागद न् कागद राहिला म्हणून आपण यावर भांडू शकतोय. मोठा कोण हे ठरवायला दोघांचा सारखा पुरावा हवा ना. बहिर्जींवर तुम्ही वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

उगाचच

काढतो की. पण मग तिथे पण कागद मागत बसू नका म्हणजे झालं.

परदेशस्थ_कोकणी

मी पीटरबरोजवळ राहतो, फॉदरिंगे इथून गाडीने फार लांब नाही, त्यामुळे राहवलं नाही. तिथे बघायला जाऊ नका असं म्हणणार होतो पण जा. किल्ला नाहीच उरलेला, नदीकाठी गवताची एक टेकडी आणि कुंपणात दगडी बांधकामाचा एक ढेकूळ, बस. आम्ही गेलो तेव्हा मेंढरं आणि आम्ही. बायको म्हणाली एवढ्यासाठी आणलंत?

त्यापेक्षा पीटरबरो कॅथेड्रल बघा. मेरीला आधी इथेच पुरलं होतं, जुलै १५८७ मध्ये. आणि त्याच कॅथेड्रलमध्ये आठव्या हेन्रीची पहिली बायको, कॅथरिन ऑफ अ‍ॅरागॉन, जिला सोडून त्याने एलिझाबेथच्या आईशी लग्न केलं. दोन्ही राण्यांची थडगी खणणारा माणूस एकच, रॉबर्ट स्कार्लेट, नव्वदी ओलांडलेला म्हातारा, त्याचं फावडं घेतलेलं चित्र अजून आत भिंतीवर आहे. पुढे मेरीचा मुलगा जेम्स इंग्लंडचा राजा झाल्यावर त्याने १६१२ मध्ये आईला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत नेलं. तिथे आता एलिझाबेथ एका बाजूच्या चॅपेलमध्ये आणि मेरी समोरच्या बाजूच्या. जिवंतपणी भेट नाही, आता मधे एक भिंत आणि पर्यटकांची रांग.

कोडवाला

कोकणी, फोटो टाका की.

बरं, एक भर घालायची राहिली, आणि ही ताजी आहे. २०२३ मध्ये मेरीची आणखी पन्नासेक पत्रं सापडली! पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काही कोडमधले कागद होते, यादीत नोंद होती 'इटलीसंबंधी, सोळाव्या शतकाचा पूर्वार्ध' अशी. तीन हौशी माणसांनी ते फोडले. एक संगणकवाला, एक पियानोचा प्राध्यापक, एक जपानी भौतिकशास्त्रज्ञ. इटालियन धरून काही जमेना, मग भाषा फ्रेंच निघाली. मग 'माझं स्वातंत्र्य', 'माझा मुलगा' असे शब्द लागायला लागले, लिहिणारी बाई आहे, कैदेत आहे, आणि शेवटी नाव निघालं वॉल्सिंगहॅमचं. मग काय शंका राहणार. १५७८ ते १५८४ या काळातली, फ्रेंच वकील कास्तेल्नोला लिहिलेली एकूण ५७ पत्रं, बहुतेक जगाला माहीतच नव्हती.

आता या धाग्याशी संबंध असा की हा कोड बॅबिंग्टनवाल्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. एकेका अक्षराला अनेक चिन्हं, नावांना, महिन्यांना, वारंवार येणाऱ्या शब्दांना वेगळी चिन्हं, त्यामुळे नुसत्या मोजणीने लागत नाही, यांनी कॉम्प्युटर लावला. म्हणजे मेरीकडे चांगला कोड होता! पण काय उपयोग, १५८३ पासून कास्तेल्नोच्या वकिलातीतलाच कुणीतरी उलगडलेल्या पत्रांच्या नकला वॉल्सिंगहॅमला पुरवत होता. यातल्या काही पत्रांच्या नकला इंग्लंडच्या अभिलेखागारात आधीपासून होत्या, त्या ताडून बघता आल्या त्यामुळे फोड बरोबर आहे हेही सिद्ध झालं. थ्रॉकमॉर्टन पकडला गेला तो याच गळतीतून.

सो तळटीपकाका, तुमच्या बाजूने पुरावा. कोड भक्कम, टपाल फितूर.

तळटीप

क्या बात है. हे लेखात घालायला हवं होतं. मग तर हिशोब असा लागतो की १५८३ मध्ये चांगला कोड आणि घरभेद्या, १५८६ मध्ये साधा कोड आणि अख्खं टपालच सरकारी. दोन्ही वेळा निकाल तोच.

आणि हे खर्चिक काम होतं बरं का. १५८२ मध्ये वॉल्सिंगहॅमला हेरखात्यासाठी वर्षाला साडेसातशे पौंड मिळायचे, ते पुढच्या काही वर्षांत दोन हजारांच्या घरात गेले, तरी पुरायचे नाहीत, पदरचे घालायचा. १५९० मध्ये मेला तेव्हा डोक्यावर कर्ज.

निशिगंधा

कोडवाला, हे भारीच. वाचनखूण साठवली.

मी पण एक घालते. शेवटच्या रात्री, ८ फेब्रुवारीच्या पहाटे दोनला, मेरीने फ्रान्सच्या तिसऱ्या हेन्रीला, म्हणजे पहिल्या नवऱ्याच्या धाकट्या भावाला, पत्र लिहिलं. आज रात्री जेवणानंतर मला शिक्षा सांगितली, सकाळी आठला मारणार आहेत, माझ्या नोकरांचे थकलेले पगार तेवढे दे, अशा अर्थाचं. हे पत्र स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात कोड नाही. पण पत्र बंद करायची जी पद्धत तिने वापरली त्यावर २०२१ मध्ये संशोधकांनी लिहिलंय. तेव्हा पाकिटं नव्हती, कागदालाच स्वतःचं कुलूप करायचे. तिने कागदाच्या कडेला एक बारीक पट्टी कापली, पूर्ण तोडली नाही, मग पत्राची घडी घालून भोकं पाडून ती पट्टी टाक्यासारखी आतबाहेर ओवत नेली. उघडायचं तर पट्टी फाडावीच लागणार, म्हणजे मधे कुणी उघडलं तर लगेच कळणार.

बॅबिंग्टनच्या पत्राच्या वेळी मेण परत बसवणारा ग्रेगरी होता, इथे त्याचं काही चाललं नसतं. एलिझाबेथ पण तिच्या पत्रांना हेच कुलूप वापरायची म्हणे.

खारेदाणे

आई गं. मारणार आहेत हे माहीत असून इतकी निगुतीने घडी घालत बसली?

निशिगंधा

हो ना. वर नोकरांच्या पगाराची काळजी. म्हणून तर मी तिच्या बाजूची.

अनवट

उशिरा आलो. बॅबिंग्टन पकडला कसा गेला ते कुणी सांगितलंच नाही, ते तर सिनेमात शोभेल असं आहे. लंडनमध्ये वॉल्सिंगहॅमच्या एका माणसाबरोबर हा खानावळीत जेवत बसला होता. त्या माणसाला चिठ्ठी आली, बॅबिंग्टनने तिरक्या नजरेने अक्षर बघितलं, याच्यावर नजर ठेव असा हुकूम. पोरगा शांतपणे उठला, बिल देऊन येतो म्हणाला, झगा आणि तलवार खुर्चीवरच ठेवली आणि मागच्या मागे पसार. मग सेंट जॉन्स वुडच्या जंगलात, केस कापून, अक्रोडाच्या रसाने चेहरा काळवंडून. आठवडाभराच्या आसपास टिकला, उपासमार झाली, मग सापडला.

आणि एक प्रश्न, एलिझाबेथने नंतर हात झटकले ते प्रकरण काय होतं?

तळटीप

ते प्रकरण म्हणजे राजकारणाचा अर्क आहे. शिक्षा ऑक्टोबरमध्ये ठरली, पण बाई सही करेना. शेवटी १ फेब्रुवारी १५८७ ला वॉरंटवर सही केली, सचिव विल्यम डेव्हिसनकडे दिलं आणि त्याच दिवशी पॉलेटला पत्र लिहायला लावलं की तूच गुपचूप काहीतरी उरकून टाक, म्हणजे तिच्यावर वॉरंट वापरायची वेळच नको. पॉलेट, तोच कडक प्युरिटन ज्याने मेरीला एक दिवस सुखाने जगू दिलं नाही, त्याने उलट टपाली साफ नकार दिला, कायद्याशिवाय रक्त सांडून माझ्या सदसद्विवेकाचं तारू मी फोडणार नाही म्हणाला. इकडे कॉन्सिलने राणीला न विचारता वॉरंट रवाना केलं. मेरी मेल्यावर एलिझाबेथने आकांत केला, मी पाठवा म्हणालेच नव्हते. डेव्हिसन थेट लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत आणि वर दहा हजार मार्कांचा दंड. बिचाऱ्याने सही असलेला कागद पुढे दिला एवढाच गुन्हा.

खारेदाणे

आणि बाकीचे? गिफर्ड, फेलिप्स? यांना काही बक्षीस बिक्षीस?

तळटीप

गिफर्ड धरपकड सुरू व्हायच्या आधीच कुणाला न सांगता फ्रान्सला सटकला, तिकडे धर्मगुरूची दीक्षाही घेतली, वॉल्सिंगहॅमकडून वर्षाला शंभर पौंड चालू. डिसेंबर १५८७ मध्ये पॅरिसच्या एका कुंटणखान्यात सापडला, तुरुंगात गेला आणि १५९० मध्ये तिथेच मेला.

फेलिप्सला पेन्शन मिळाली, पण वॉल्सिंगहॅम गेल्यावर त्याची पत गेली, कर्जापायी तुरुंग बघितला. आणि १६०३ मध्ये गादीवर आला कोण, तर मेरीचा मुलगा. १६०५ च्या गनपावडर कटानंतर (जेम्ससकट पार्लमेंट सुरुंगाने उडवायचा कॅथलिकांचा कट) परदेशातल्या कॅथलिकांशी चोरून पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून जेम्सच्या सरकारने फेलिप्सला आत टाकलं. पत्रं मधेच पकडली गेली होती.

अनवट

=)) आणि बियरवाला?

तळटीप

त्याचं पुढे काहीच नाही. ना नाव, ना खटला, ना दंड. पॉलेटच्या पत्रांत त्याच्या भाववाढीची तक्रार आहे तेवढी.